सांडव्यातली पंगत

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी चन्नप्पा हलकुडे बांधाच्या मागच्या उतारावरून वर आले. चपला हातात, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मांडवात पहिली पंगत बसली होती आणि शिवलीला कडक भाकरी वाढत होती. चन्नप्पा पंगतीच्या कडेनं तिच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "बांधाला पाझर फुटलाय. माझ्या घराच्या अंगानं."

हातातली भाकरी शिवलीलानं वाढून टाकली, कारण पाहुण्याचा हात पुढं आलेला होता. मग विचारलं, "केवढा, काका?"

"सकाळी नुसती ओल व्हती. आता करंगळीएवढी धार हाय. लिंबाच्या झाडाखाली, अगदी पायथ्याला."

"अप्पांना सांगितलं?"

"सांगतो की. सगळ्यांदेखत सांगतो. न्हाईतर मागून म्हणायचा, मला कुनी सांगितलंच न्हाई."

गुरुसिद्धप्पा, म्हणजे शिवलीलाचे सासरे आणि चन्नप्पांचे थोरले भाऊ, मांडवाच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढून घेत होते. डोक्याला फेटा, अंगात करकरीत नवा सदरा, मागं काठोकाठ भरलेलं तळं आणि तळ्यात हंसाच्या आकाराच्या चार पायडल बोटी. तासाभरापूर्वी खण-नारळानं तळ्याची ओटी भरून झाली होती. सोलापूरच्या भुसार बाजारात त्यांनी उभं आयुष्य तूरडाळीच्या वासात काढलं होतं आणि उतारवयात आपल्या मालकीचं पाणी असावं एवढी एकच हौस त्यांनी केली होती. तीन वर्षांपूर्वी वडिलोपार्जित जमिनीतल्या ओढ्यावर मातीचा बांध घातला, त्याला 'शिवसरोवर' नाव दिलं आणि अक्कलकोट रस्त्यावर पाटी लावली.

"अण्णा," चन्नप्पा म्हणाले, "बांध गळायला लागलाय."

"मातीचा बांध आहे, घाम येणारच."

"तुज्या बांधाला घाम आला की माझं घर न्हाऊन निघतंय. त्या गोण्या काढ."

"पंगत बसलीय चन्नप्पा."

"म्हनूनच म्हनतो, उठीव."

"स्वामी बसलेत पंगतीला. तुला काही रीतभात?"

चन्नप्पांनी पंगतीकडं पाहिलं. अगदी मधोमध, चौरंगावर, गावच्या मठाचे स्वामी बसले होते आणि त्यांच्यापुढं हुग्गीची वाटी होती. गव्हाच्या त्या खिरीवर तूप इतकं होतं की खाली खीर आहे हे विश्वासानंच मानावं लागत होतं.

"बरं," चन्नप्पा म्हणाले. "तुमी हितं बसा, मी तितं बसतो. माझ्या अंगणात बाज टाकतो. बांध फुटला तर पयला मी जातो. तुमी वरनं फोटो काढा."

आणि ते गेले. आल्या वाटेनंच, चपला हातात घेऊन.

"बसू दे," गुरुसिद्धप्पा फोटोवाल्याला म्हणाले. "हं, कुठं बघू?"

गोण्यांचं प्रकरण असं होतं. तळं भरलं की जादा पाणी बाहेर जायला बांधाच्या एका टोकाला वाट ठेवावी लागते, तिला सांडवा म्हणतात. शिवसरोवरचा सांडवा चांगला तीस फूट रुंद होता, खाली काँक्रीट, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. अडचण अशी होती की घाटाची वरची पायरी सांडव्यापेक्षा उंच झाली होती. गवंड्यानं पायऱ्या मोजून बांधल्या, पाणी मोजलं नाही. त्यामुळं तीन वर्षं तळं सांडव्यापर्यंत भरायचं आणि वाहून जायचं. वरच्या पायऱ्या कोरड्याच. गुरुसिद्धप्पांचं म्हणणं, वरच्या पायरीला पाणी लागल्याशिवाय तळं भरलं असं म्हणता येत नाही आणि तळं भरल्याशिवाय ओटी भरता येत नाही. रिकाम्या तळ्याची ओटी भरतात का कुणी? तीन वर्षं ओटीचा खण कपाटात घडी न मोडता पडला होता.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी परतीचा पाऊस जोरात लागला तेव्हा शिवलीलाच्या नवऱ्यानं, सोमलिंगनं, बापाची इच्छा पुरी केली. सांडव्याच्या तोंडाशी मुरुमानं भरलेल्या गोण्या रचल्या आणि फोटोत बऱ्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर हिरवळीची चटई अंथरली. पाणी वर चढलं आणि पायरीला लागलं. शिवाय सांडवा कोरडा राहिला. सबंध शेतात सपाट, काँक्रीट केलेली, चिखल नसलेली तेवढी एकच जागा. सोमलिंगनं तिथंच मांडव घातला.

शिवलीलाला हे सगळं ठाऊक होतं. पहाटेपासून ती याच काँक्रीटवर पत्रावळी मांडत होती. हिरवळीच्या चटईपलीकडं पाणी उभं आहे, ही गोष्टही तिला माहीत होती; पण दीडशे माणसांचं जेवण अंगावर असताना माणूस एका वेळी एकच गोष्ट जाणतो. आता काकांच्या करंगळीनं दुसरी गोष्ट समोर आणून ठेवली.

ती भाकऱ्यांची टोपली घेऊन सरळ अजिनाथ साहेबांपाशी गेली.

अजिनाथ साहेब पाण्याच्या खात्यात शाखा अभियंता होते, मूळचे करमाळ्याकडचे, सडपातळ आणि सावध. या जेवणाला त्यांना दोघा भावांनी स्वतंत्रपणे बोलावलं होतं. गुरुसिद्धप्पांनी सत्कारासाठी, चन्नप्पांनी तपासणीसाठी. चन्नप्पा वर्षभर सोलापुरातली कार्यालयं हिंडले होते. सात रस्त्याजवळच्या एका साहेबांनी सांगितलं, हे खाजगी आहे, आमच्याकडं सरकारी तेवढेच. दुसरे म्हणाले, आमच्याकडं शेततळी येतात, पण आम्ही अनुदान दिलेलीच. तिसऱ्यांनी विचारलं, बोटी आहेत का? आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. पण त्यांना फक्त लाइफ जॅकेटं मोजायची होती, ती सोळा भरली आणि ते समाधानानं परत गेले. बांध बघायला कुणाला सवडच नव्हती. शेवटी चन्नप्पांनी ठरवलं की साहेब कामावर येत नसेल तर जेवायला बोलवावा.

साहेब आले, पण मोटारीतून उतरल्याबरोबर त्यांच्या डोक्यावर फेटा चढला, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यानंतर ते जिकडं वळले तिकडं कुणीतरी नमस्कार करत उभं होतं. बांधापर्यंत त्यांना कुणी जाऊच दिलं नाही.

"साहेब, अजून एक भाकरी?" शिवलीलानं वाकून विचारलं आणि आवाज खाली आणला. "बांधाच्या पायथ्याला पाझर लागलाय. करंगळीएवढा. काका सांगून गेले."

साहेबांचा घास थांबला. "हे बघा ताई, मी आज सुट्टीवर आहे. इथं मी अधिकृत नाही."

"अनधिकृत सांगा."

साहेबांनी घास गिळला. "तळं पूर्ण भरलंय. म्हणजे आत्ता सांडव्यावरून पाणी चालू असलं पाहिजे. ते चालू असेल तर फार काळजी नाही. सांडवा कुठल्या बाजूला आहे तुमचा?"

शेंगाची चटणी वाढत आलेल्या सोमलिंगनं शेवटचं वाक्य ऐकलं. त्याला आनंद झाला, कारण मांडवाची जागा त्याची कल्पना होती आणि सकाळपासून तिचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

"साहेब, बसलाय की त्यातच," तो म्हणाला.

साहेबांनी खाली काँक्रीटकडं पाहिलं. मग दोन्ही बाजूंच्या भिंतींकडं. मग हिरवळीकडं. हिरवळीच्या खालच्या कडेनं पाण्याची एक बारीक रेघ निघून तिसऱ्या पत्रावळीपर्यंत आली होती. ते उठायला लागले.

त्यांच्या उजव्या बाजूला शिवलीलाच्या सासूच्या, म्हणजे सुंदरम्मांच्या, माहेरचे पाहुणे शिवलिंगप्पा बसले होते. त्यांनी साहेबांचं मनगट धरलं. "साहेब, स्वामी उठले नाहीत अजून."

"अहो, आपण सांडव्यात बसलोय!"

"कुठंही बसा. स्वामींच्या आधी उठायचं नसतं."

साहेब पुन्हा बसले. शिवलीलानं पंगतीवरून नजर फिरवली. सत्तर माणसं आणि एकही उठणार नाही. स्वामी उठले की सगळे उठतील, त्याआधी भूकंप झाला तरी मांडी मोडायची नाही. या घरात सून म्हणून आली त्या पहिल्याच जेवणाला ती पाय अवघडून चुळबुळली होती आणि चार बायकांनी तिच्याकडं बघितलं होतं. ते बघणं ती अजून विसरली नव्हती.

आणि स्वामी उठत नव्हते, कारण त्यांच्यापुढं तिची सासू उभी होती.

सुंदरम्मांच्या आग्रहाची ख्याती अक्कलकोटपासून टेंभुर्णीपर्यंत होती. त्यांच्या घरून कुणी पोटात जागा ठेवून गेल्याचं उदाहरण नव्हतं. उजव्या हातात पळी, डाव्या हातात हुग्गीचं पातेलं आणि चेहऱ्यावर, समोरचा नाही म्हणाला तर आपल्याला कसं वाटेल, हे आधीच सांगणारा भाव.

"अज्जा, एकच पळी. तळ्याच्या नावानं."

स्वामींनी वाटी पुढं केली.

शिवलीला पहिल्यांदा सासऱ्यांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्ता गोण्या काढल्या तर पाणी उतरणार. पायरी उघडी पडणार. दुसऱ्या पंगतीला आमदारांची माणसं यायचीत, त्यांनी कोरडी पायरी बघायची?"

"अप्पा, काका खाली बसलेत."

"तो कुठंतरी बसतोच. वाटणीच्या वेळी तहसील कचेरीच्या पायरीवर बसला होता, लग्नात रुसून टेम्पोत बसला होता. लहानपणापासून त्याला बसायची सवय आहे."

हे खरं होतं. पण शिवलीलाच्या लक्षात आलं की बोलताना अप्पांनी दोनदा बांधाकडं बघितलं. लिंबाचं झाड दिसतं का, ते बघत असावेत. बांधावर लिंब त्यांनीच लावला होता. सावलीत म्हातारपणी बसायला. झाडाच्या मुळ्या बांधात शिरतात असं चन्नप्पा तेव्हाच म्हणाले होते आणि त्या वाक्यावरून दोघं सहा महिने बोलत नव्हते.

मग तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, निदान वरच्या गोण्या तरी काढा."

"काढतो की. पण पाणी जाणार कुठून? पंगतीतून. तू स्वामींच्या पत्रावळीत पाणी सोडतेस का?"

मांडवाबाहेर दुसऱ्या पंगतीची ऐंशी माणसं उभी होती आणि त्यांच्यात बातमी पोचली होती. पण बातमीचा जो भाग त्यांनी उचलला तो वेगळा होता.

"म्हणजे हितं पाणी सोडणार? मग आमी जेवायचं कुटं?"

"पयल्या पंगतीला सगळं, आमच्या वाट्याला पूर!"

"फुटत न्हाई हो बांध लगेच. तासभर तर धरंल की. तासात जेवून हुतंय."

गुरुसिद्धप्पांना अचानक ऐंशी पाठीराखे मिळाले. ते त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि मान हलवू लागले.

राहिली सासू. शिवलीला पातेल्याच्या आड उभी राहून हळूच म्हणाली, "आई, आता स्वामींना आग्रह पुरे. पंगत उठवायचीय."

सुंदरम्मांनी पळी थांबवली. आजवर हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. "आग्रह पुरे? माझ्या दारात?"

"बांध गळतोय आई."

"ते बापई माणसं बघतील."

"काकांचं घर जाईल."

"काकांच्या घरात माझ्या लग्नातला तांब्याचा हंडा आहे. वाटणीत उचलून नेला. जाऊ दे हंड्यासकट." सुंदरम्मा दिराशी चार वर्षं बोलत नव्हत्या. दिवाळीचा फराळ पाठवायच्या, पण डब्याबरोबर निरोप नाही. "अज्जा, तूप वाढू?"

पाझर, बांध, घर, शिवलीलाचं सगळं सांगून झालं होतं. ती थकून, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "मघापासून तिथं बाजेवर बसलेत. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. जेवलेसुद्धा नाहीत."

तुपाची वाटी हवेत थांबली.

"कोण? चन्नू जेवला नाही?"

"नाही."

"ऊटा नाही? आज? माझ्या घरी दीडशे पानं उठतायत आणि माझा दीर उपाशी?"

"हो."

सुंदरम्मांनी वाटी, पातेलं, सगळं खाली ठेवलं. बांध गळल्यानं जे झालं नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावर आता झालं. पदर खोचून त्या स्वामींपुढं उभ्या राहिल्या, हात जोडले आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अज्जा, साकु. एळ्री."

पुरे, उठा. दीडशे माणसांत कानडी न कळणारे फक्त अजिनाथ साहेब होते, पण त्यांनाही कळलं.

स्वामींनी वाटी बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात टेकून, दोघांच्या आधारानं, ते उठले. "देव तुझं भलं करो, सुंदरम्मा," ते म्हणाले. "तीन पळ्यांपूर्वीच झालं होतं माझं. पण तू वाढत होतीस, नाही कसं म्हणू?"

सत्तर माणसं एका दमात उठली.

त्यानंतर अजिनाथ साहेब अधिकृत झाले. तसं कुणी त्यांना केलं नाही. त्यांनी फेटा काढून सोमलिंगच्या हातात दिला, एवढंच. "सगळ्या गोण्या एकदम काढायच्या नाहीत. मधल्या, वरच्या थराच्या, एकेक. खाली ओढ्यात कुणी आहे का बघून या. दुसऱ्या पंगतीनं पार्किंगमध्ये जायचं. बांधावर नाही! बांधावर कुणी उभं राहायचं नाही! ओ फोटोवाले!"

धोतरं खोचली गेली. हिरवळीची चटई गुंडाळली. पहिली गोणी निघाली तेव्हा घोट्याएवढं पाणी मांडवात शिरलं आणि सत्तर पत्रावळी, उरलेल्या भाकऱ्यांसह, रांगेनं ओढ्याकडं निघाल्या. शिवलिंगप्पा चप्पल शोधत त्यांच्यामागून गेले. गुरुसिद्धप्पा एकटे घाटावर उभे होते. वरच्या पायरीवरचं पाणी एक बोट खाली उतरलं, मग दोन. ओटीचा नारळ पायरीवर येऊन अडकला.

"अप्पा," शिवलीला म्हणाली, "चला."

"कुठं?"

"काकांना आणायला. तुमच्याशिवाय कोण उठवणार?"

त्यांनी नारळाकडं बघितलं, मग बांधाकडं, आणि ते उतार उतरायला लागले.

चन्नप्पांचं घर बांधाच्या अगदी खाली होतं. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, पलीकडं द्राक्षाचा मळा. चन्नप्पा बाजेवर मांडी घालून बसले होते, तोंड बांधाकडं. पाझराचं पाणी अंगणाच्या कडेनं ओहोळ करून वाहत होतं.

"ऊठ," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "गोण्या काढल्या."

"सगळ्या?"

"वरच्या. साहेब म्हणतो हळूहळू."

"मग सगळ्या निघाल्यावर उठतो."

"चन्नू, बांध फुटला तर मरशील."

"तूच म्हनलास की घाम हाय."

गुरुसिद्धप्पा बांधाकडं बघत उभे राहिले. खालून तो वरच्यापेक्षा पुष्कळ उंच दिसतो, हे त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. या बाजूला ते कधी आलेच नव्हते. मग त्यांनी नव्या सदऱ्याची पर्वा न करता बाजेच्या दुसऱ्या टोकाला बूड टेकलं. बाज करकरली.

"आता काय?" चन्नप्पांनी विचारलं.

"तू उठलास की मी उठतो."

"मग बस की."

"अप्पा!" शिवलीला म्हणाली. "अहो, तुम्ही उठवायला आलात!"

"तू वर जा," दोघं एकदमच म्हणाले.

साहेब तिथं आले, पाझरापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी पेला मागितला. चन्नप्पांच्या घरात सगळे स्टीलचे. "काचेचा पाहिजे. पाणी स्वच्छ येतंय की माती घेऊन येतंय, ते बघायचंय. स्वच्छ असेल तर बांध नुसता झिरपतोय. गढूळ असेल तर आतून पोखरला जातोय. मग या दोघांना बाजेसकट उचलावं लागेल."

शिवलीला वर धावली आणि बोटीच्या काउंटरवरून लिंबू सरबताचा काचेचा ग्लास घेऊन आली. साहेबांनी तो धारेखाली धरला, उन्हात उंचावला. सगळे बघत राहिले.

"स्वच्छ आहे," गुरुसिद्धप्पा बाजेवरून म्हणाले.

"गढूळ हाय," चन्नप्पा म्हणाले.

"तुझे डोळे मोतीबिंदूचे."

"आन् तुझे मालकाचे."

साहेबांनी ग्लास अंगणाच्या कट्ट्यावर ठेवला. "बसू द्या. तळाला काय जमतंय ते कळेल. तोवर वाळू आणि खडी असेल तर आणा, पाझरावर टाकायची. तोंड बुजवायचं नाही, पाणी गाळून बाहेर येऊ द्यायचं." आणि मग, पहिल्यांदाच थोड्या घाबरल्या आवाजात, "आणि कृपा करून तुम्ही दोघं वर चला."

कुणी उठलं नाही. वरून सुंदरम्मा उतरत आल्या, हातात दोन ताटं, मागं भाकरीची टोपली घेतलेला सोमलिंग. चार वर्षांत त्यांनी या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. एक ताट चन्नप्पांच्या मांडीवर ठेवलं. दुसरं, नवऱ्याकडं न बघता, बाजेवर.

"वैनी," चन्नप्पा म्हणाले.

"आधी जेव. बोलायचं नंतर."

ते जेवायला लागले. संध्याकाळी साडेचारला सांडव्यावरून पाणी चालू होतं, तळं वरच्या पायरीपासून एक वीत खाली उतरलं होतं आणि पाझराची धार होती तेवढीच होती. वाळूचा पहिला टेम्पो रस्त्याच्या चिखलात अडकल्याचा फोन आला होता. दोघे भाऊ बाजेवर होते, दुसऱ्या वाढीवर. कट्ट्यावरच्या ग्लासात तळाशी पिवळसर रेघ जमली होती. अजिनाथ साहेबांनी ग्लास हलवला नाही. वाकून, डोळा काचेला लावून ते त्या रेघेकडं बघत होते आणि शिवलीला त्यांच्याकडं.